मोजताना चार

१

कागदावर चहाचे चार गोल उमटले होते.

भावनानं ते पाहिले तेव्हा प्रियदर्शनी आणि सीमा अकोल्याच्या बसमध्ये बसून तास झाला असेल. अमरावतीच्या तिच्या खोलीत दुपारचं ऊन होतं. मोरीपाशी कप विसळून पालथे घातलेले होते, आणि पलंगावर सहलीचा तो मोठा कागद तसाच पसरलेला. डावीकडं कोलकाता, वर दार्जिलिंग, खाली उजव्या कोपऱ्यात अंदमान. शहर, डोंगर, बेटं. तेरा दिवस. एक गोल कोलकात्यावर होता, दोन दार्जिलिंगच्या खाली, आणि चौथा पार समुद्रात.

तिच्याकडं कप तीनच होते. चौथा मागच्या उन्हाळ्यात फुटला, आणि दुसरा आणायचं काही झालं नाही.

बोलता बोलता माणूस कप उचलतो, दुसरीकडं ठेवतो. एवढं साधं आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. तरी तिनं एकेक कप आणून गोलांवर ठेवून पाहिला. तीन गोलांवर तीन कप बरोबर बसले. समुद्रातला गोल लहान होता, आणि तो चहाचा नव्हता. बोटानं पुसला तसं बोट काळं झालं. माती होती.

तिनं मान वर करून खुंटीकडं पाहिलं. आईनं गोटा बांधून दिलेलं फडकं तिथं लटकत होतं. गाठ आईनं मारली तशीच होती.

तो गोटा आईनं, रुख्मिणीबाईंनी, मागच्या आठवड्यात भातकुलीकडून तुरीच्या डाळीसोबत आणला होता. पिशवी टेकवायच्या आधीच त्यांनी विचारलं होतं, "तिघीच चालल्या का वं?"

"हो. प्रिया, सीमा आणि मी."

"तिघी नाही जायचं बाप्पा. तीन तिगाडा, काम बिगाडा. हा घ्या चौथा." आणि फडक्यातून मुठीएवढा गोटा काढून तिच्या हातावर ठेवला. "आपल्या शेताच्या धुऱ्यावरचा आहे. मोजताना ह्याले धरून मोजजो. गाडीत बसताना, उतरताना, जेवताना. अन् वापस आली की जिथला तिथं ठेवू."

"आई, कोण मोजणार गोट्याला?"

"मोजायले काय लागते? तोंडानं म्हणायचं."

आईशी कोण वाद घालणार. नत्थुजींनी, म्हणजे बाबांनी, तीन वर्षं नाही म्हणून शेवटी एकदाचं हो म्हटलं होतं. जाऊन ये, दिवाळीनंतर पाहुणे बोलवायचे आहेत, मग काही तुझं निघणं व्हायचं नाही, असं म्हणाले होते. भावनानं आजवर अकोला आणि नागपूर सोडून काही पाहिलेलं नव्हतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून ती ही सहल कागदावर आखत होती. गाड्यांच्या वेळा तिला पाठ होत्या. एका गोष्टीची मात्र तिला पहिल्या दिवसापासून भीती होती, आणि ती तिनं कोणाला सांगितली नव्हती. तिघी मैत्रिणी चालायला लागल्या आणि रस्ता अरुंद झाला की दोघी पुढं होतात, एक मागं पडते. मागं पडणारी नेहमी तीच असायची.

त्या रविवारी सकाळी दोघी आल्या तेव्हा तिनं हसत हसत गोट्याचं सांगितलं. प्रियदर्शनीनं कपाळाला हात लावला.

"माह्या बाबाले सांगितलं ना हे, तर दोन तास भाषण देईन. पाहुणी आणलीच आहे तर नाव तरी ठेवा तिचं." तिनं फडक्यावरूनच गोट्याला थोपटलं. "दामिनी. दामिनीबाई, तुमाले गाडी लागते का?"

सीमा एवढी हसली की तिचा चहा सांडला. प्रियदर्शनीनं तिथल्या तिथं मोबाईलवर ग्रुपमध्ये यादी टाकली.

१. प्रियदर्शनी
२. सीमा
३. भावना
४. दामिनी

"चालेल ना?" असं कोणी विचारलं नाही. भावना मात्र सवयीनं म्हणाली, "चालेल."

२

सोमवारी थंब लागला नाही.

ती एका कॉलेजच्या वाचनालयात करारावर होती. दाराशी हजेरीचं यंत्र होतं, त्यावर रोज सकाळी अंगठा लावायचा. यंत्रातली बाई म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. भावनानं अंगठा ओढणीला पुसला. पुन्हा प्रयत्न करा. दुसरा अंगठा. पुन्हा प्रयत्न करा.

शिपाई देवानंदभाऊ चष्मा वर करून बघायला आले. "क्रीम लावली का बोटाले?"

"नाही हो."

"रोजमजुरीवाल्या बायांचे ठसे झिजतात असे. तुमी तं पुस्तकं उचलता. पुस्तकानं काय झिजन?" त्यांनी रजिस्टर पुढं केलं. "सही करा. लिहून घेतो, मशीन बिघडली म्हणून."

तिच्यामागून आलेल्या सगळ्यांचे अंगठे लागले.

दुपारी तिनं खिडकीपाशी बोटं धरून पाहिली. रेषा होत्या. पण पाटीवर पुसलेलं अक्षर दिसतं तशा. तिनं अंगठ्यात नख रुतवलं. कळलं, पण लांबून, मोज्यावरून कोणी टोचावं तसं. थंडी पडायला लागली होती. थंडीत होतं असं, तिनं ठरवलं. मोबाईलही आता तिच्या बोटानं उघडेना, म्हणून तिनं आकडे दाबले.

ग्रुपमध्ये दार्जिलिंगच्या घरमालकीणबाईंचा निरोप आला होता. दोन खोल्या, चार पाहुण्या, वाट पाहते.

भावनानं प्रियदर्शनीला फोन लावला. "आपण तीन लिहिलं होतं ना?"

"मी तीनच लिहिले होते."

"मग चार कसे?"

"टाईप करताना झालं असंन. चार तं चार. तिसरी एकटी कुठं झोपली असती? आता दोघी-दोघी बरोबर." पलीकडं कोणाशी तरी बोलल्यासारखं ती थांबली. "हां. दामिनीले विचारलं, तिले चालते म्हणते."

ती हसली. भावनाही हसली. हसताना गाल हलले की नाही, ते तिला नीट कळलं नाही.

३

शनिवारी ती खरेदीसाठी अकोल्याला गेली. लोकरीचे मोजे, टोप्या, उलटीच्या गोळ्या. प्रियदर्शनी आणि सीमा एकाच गल्लीत राहायच्या, दोघी एकाच शाळेत शिकवायच्या. उतरून चालत गेलं तर दहा मिनिटं. दोघी तिला घ्यायला आल्या होत्या. रस्ता अरुंद होता. ती मागं चालली.

प्रियदर्शनीचे वडील बुधाजीकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. नदीचं पाणी मोजण्यात त्यांची नोकरी गेली. घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो, पुस्तकांची दोन कपाटं, आणि पावसाची नोंद ठेवायची वही. न पाहिलेली गोष्ट ते बोलत नसत, दुसऱ्यालाही बोलू देत नसत. भावना त्यांना थोडी भ्यायची, आणि आज त्यांना पाहून तिला जिवात जीव आल्यासारखं झालं. या घरात काही वावगं असूच शकत नाही, असं तिला वाटलं.

"ये वं भावना. कशी आहेस? वाळली तू." काकांनी चष्म्यावरून दाराकडं पाहिलं. "अन् काल आली होती ते पोरगी? ते नाही आली आज?"

"कोणती बाबा?" प्रियदर्शनी म्हणाली.

"तुमची तिसरी. खिडकीपाशी बसून होती. तुमच्यासारखी टकळी नाही तिची."

"काल कोणीच नव्हतं. मी अन् सीमा होतो. तुमी झोपले होते."

"मी जागा होतो." काका शांतपणे म्हणाले. "तिचा चहा तसाच राहिला होता. तुह्या मायनं ओतून टाकला. विचार तिले."

आतून चतुराबाईकाकूंचा आवाज आला, "हाव, थंड झाला होता. साय धरली होती त्याच्यावर."

सीमानं भावनाकडं पाहिलं, प्रियदर्शनीनं सीमाकडं. मग प्रियदर्शनीच म्हणाली, "आता तुमी दोघंही सुरू नका होऊ बरं. गोट्याची गोष्ट सीमानंच सांगितली असंन तुमाले. माही फिरकी घेऊन राहिले."

"कोणता गोटा?" काका म्हणाले.

काकूंनी चहा आणला. ट्रेमध्ये चार कप होते. काका घ्यायचे नाहीत, काकूंचा आत होता. एक प्रियदर्शनीनं घेतला, एक सीमानं. एक काकूंनी खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवला, हात आपोआप गेल्यासारखा. उरलेला भावनाच्या हातात आला.

"अवं, कपाच्या कानाले धर," काकू एकदम म्हणाल्या. "चुलीवरचा उतरवला आताच. पोळंन."

भावनानं खाली पाहिलं. दोन्ही तळव्यांत तिनं कप घट्ट धरला होता. वाफ नाकाशी येत होती. तळवे लाल झाले होते. सगळे बघत होते म्हणून तिनं कप ठेवला.

"सवय आहे मला," ती म्हणाली.

निघताना तिनं हळूच काकांना विचारलं, "काका, कशी होती दिसायला ती?"

काकांनी बराच वेळ विचार केला. नेमकं बोलायची सवय असलेल्या माणसाला नेमकं सापडेना, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "साधी," शेवटी ते म्हणाले. "तुह्यासारखीच. लक्षात राहायजोगं काही नव्हतं."

४

अमरावतीला परतल्यावर तिनं पहिल्यांदा खुंटीवरचं फडकं काढलं. गाठ न सोडता वरूनच धरलं, आणि सोडून दिलं.

गोटा कोमट होता. तेवढं मात्र हाताला कळलं.

ऊन लागलं असेल. खुंटी सावलीत होती, पण भिंत तापते. तिनं भिंतीला हात लावला. भिंत गार होती की गरम, ते तिला कळेना. तिनं गाल लावून पाहिला. तेही कळेना. मग ती बराच वेळ भिंतीला गाल लावून उभी राहिली. तिला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही.

तिनं आईला फोन केला.

"आई, तो गोटा मी परत आणून ठेवते. आम्ही तसंच जाऊ."

"आता? मोजला ना त्याले?"

"प्रियानं गंमत म्हणून यादीत लिहिलं."

"लिहिलं." आई थोडी थांबली. मागं मोटारपंपाचा आवाज येत होता. "मी तं तोंडानं मोजा म्हटलं होतं. लिहाले कोणं सांगितलं? नाव दिलं का?"

"हो."

"नाव काहून दिलं वं?" आई रागावली नव्हती. दूध उतू गेल्यावर बोलावं तसं बोलत होती. "बरं. राहू दे. तुमी चौघी नीट जाऊन या."

"तिघी, आई."

"तेच म्हणतो."

संध्याकाळी ग्रुपमध्ये यादी पुन्हा आली. तिकिटांसाठी नावं एकदा तपासून घ्या, असं वर लिहिलेलं.

१. प्रियदर्शनी
२. सीमा
३. दामिनी
४. भावना

भावना त्या चार ओळी वाचत राहिली. विचारू का, नको. एवढ्यातेवढ्यावरून रडते, असं म्हणतील. खाली-वर झालं असेल. यादी म्हणजे काय रांग आहे?

त्याखाली प्रियदर्शनीचा निरोप होता. *अंदमानच्या विमानात एकच खिडकी मिळून राहिली. दामिनीले देऊन टाकू? तिनं समुद्र पाहिला नाही.*

सीमानं हसणारे चेहरे टाकले होते.

खिडकी भावनानं मागितली होती. तीन वर्षांत तिनं मागितलेली ती एकच गोष्ट होती. कागदावर अंदमानच्या बाजूला तिनं बारीक अक्षरांत लिहूनही ठेवलं होतं, खिडकी माझी. निळं पाणी वरून कसं दिसतं, ते तिला पाहायचं होतं, बस.

थट्टा आहे ही, तिनं स्वतःला समजावलं. गोट्याला कोणी खिडकी देतं का? थट्टेला नाही म्हटलं तर आपलंच हसं. तिनं लिहायला घेतलं, नाही, खिडकी माझी आहे. मोबाईलचा पडदा तिचं बोट घेईना. तिनं जोरानं दाबलं, मग बोटाच्या पेरानं, मग मनगटानं. अक्षरं उमटेनात. खाली मोबाईलनं स्वतःहून तीन शब्द सुचवले होते, ती नेहमी लिहायची ते. *हो. चालेल. बरं.*

मधल्यावर मनगट टेकलं.

निरोप गेला.

५

गाडी दुपारची होती. प्रियदर्शनी आणि सीमा अकोल्याला चढणार, भावना बडनेऱ्याला. कागदावर तिनंच तसं आखलं होतं. अकोला सुटलं की मला फोन करा, डबा पुढं आहे की मागं ते सांगा.

ती दोन तास आधी येऊन फलाटावरच्या बाकावर बसली. बसली तेव्हा उन्हात होती, आता सावली तिच्यावरून पुढं सरकली होती. ती हलली नव्हती. हलायचं काही कारणही नव्हतं. पाय जड होते, पण दुखत नव्हते. ते तिथं आहेत, एवढंच माहीत होतं.

फोन आला नाही.

अकोल्याहून गाडी सुटल्याची वेळ होऊन अर्धा तास झाला होता. तिनं प्रियदर्शनीला लावला. वाजून वाजून बंद झाला. सीमाला लावला. वाजत राहिला. पुन्हा प्रियदर्शनीला. प्रत्येक वेळी दोन्ही मनगटांमध्ये मोबाईल धरून तिला नाव दाबावं लागत होतं, आणि आठ-दहादा दाबल्यावर एकदा लागत होतं. गाडीत गोंगाट असतो. पर्समध्ये असतील फोन. तिला भीती वाटायला हवी होती. जराशा आवाजानं दचकणारी ती, मघाशी मालगाडी धडधडत गेली तेव्हा तिची पापणीसुद्धा लवली नव्हती.

एक बाई नातवाला घेऊन आली. बाकाकडं पाहिलं, आणि हातातली भाजीची पिशवी टेकवली. ती भावनाच्या मांडीवर टेकवली, ओट्यावर ठेवावी तशी. मग पदरानं कपाळ पुसलं, नातवाच्या नाकाखालचं पुसलं. पिशवीतून पालकाचं पाणी झिरपून भावनाच्या ड्रेसवर पसरत गेलं.

"मावशी," भावना म्हणाली. म्हणाली असं तिला वाटलं.

बाईनं पिशवी उचलली आणि पुढं निघाली. "इथं बसू का आजी?" नातू म्हणाला. "नोको," बाई म्हणाली, "गार आहे ते."

भावनाला गोट्याची आठवण झाली. आणलाय ना आपण? आई विचारेल. तिनं बॅगेची चेन कशीबशी ओढली. वरच फडकं होतं. गाठ आईनं मारली तशीच, घट्ट. पण फडकं सपाट होतं. तिनं ते दातात धरून उचललं. हलकं होतं, वाळलेल्या पानासारखं. आत काहीच नव्हतं. शिवण नाही, भोक नाही, गाठ सुटलेली नाही. फक्त मातीचा एक लहान, काळा गोल.

ती त्या गोलाकडं बघत राहिली. खिडकीपाशी बसून होती, काका म्हणाले होते. तुह्यासारखीच.

घोषणा झाली. हावड्याला जाणारी गाडी थोड्याच वेळात येत होती. माणसं उठली, बॅगा उचलल्या गेल्या. उठायला हवं. उजवा पाय आधी. तिनं उजव्या पायाला सांगितलं. मग डाव्याला सांगितलं. लांब, मूर्तिजापूरच्या बाजूला, रुळांच्या टोकाशी एक ठिपका दिसत होता, आणि तो हळूहळू मोठा होत होता.

घरी जायला हवं. इतकं साफ तिला आठवडाभरात काही सुचलं नव्हतं. सहल नको, खिडकी नको, समुद्र नको. प्रियाला सांगायचं, मी येत नाही, तुम्ही जा. आयुष्यात एकदा नाही म्हणायचं, आणि उठून घरी जायचं.

तिनं दोन्ही मनगटं मोबाईलवर टेकवली. एकदा, दोनदा, पाचदा. लागला. वाजायला लागला. तिनं वाकून कान त्याच्यावर ठेवला.

वाजत राहिला.

मग वाजायचा थांबला. गाडीचा खडखडाट ऐकू आला, कोणी चहावाला ओरडत होता, आणि त्यातून प्रियदर्शनीचा आवाज, फोनपासून जरा लांब, मजेत.

"बडनेरा आलं. मोज वं सीमा, राहिलं तं नाही कोणी?"

"तू एक," सीमा म्हणाली. "मी दोन. दामिनी तीन."

"अन् चौथा? चौथा गोटा कुठं आहे? तिघी नाही जायचं बाप्पा."

दोघी हसल्या.

नाही, भावना म्हणायला गेली. ओठ एकमेकांवर होते, तसेच राहिले.

फोनच्या अगदी जवळ कोणीतरी श्वास घेतला. फोन त्या दोघींनी उचललाच नव्हता.

"आहे," तो आवाज म्हणाला. साधा होता, लक्षात राहायजोगं काही नव्हतं त्यात. "फलाटावर बाकावर ठेवला आहे. उचलून घेतो मी." मग तो आणखी जवळ आला, आणि तीन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं इतकं नीट, थांबून, तिला एकटीला विचारलं,

"चालेल ना?"